कर्ता कुठे गेला

स्वतःची ओळख करून देणारी थोडी वाक्यं लिहून आणा, असा गृहपाठ मिळाला तेव्हा हे काम सोपं आहे असं त्याला वाटलं. आधी त्याने आपल्या भाषेत लिहिलं: माझा जन्म झाला. शिक्षण झालं. नोकरी लागली. लग्न झालं. मुलगी झाली. केस गेले. मग शब्दकोश घेऊन शब्दाला शब्द जोडत त्याने ते परक्या भाषेत नेऊन ठेवलं आणि क्लासला गेला.

क्लास म्हणजे मास्तरीणबाईंच्या घरातली पुढची खोली. गोल टेबल, त्यावर मेणकापड, आणि एक पाय आखूड असलेली खुर्ची, जी सर्वांत उशिरा येणाऱ्याला मिळे. मास्तरीणबाई मूळच्या त्या परक्या देशातल्या. तरुणपणी इथल्या एका इंजिनिअरशी लग्न करून आल्या, इंजिनिअर गेला, त्या राहिल्या. इथली भाषा त्या सासूकडून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात आज्ञार्थ भरपूर होता.

त्यांनी लाल पेन्सिल उचलली.

"कोण?"

"कसलं कोण?"

"जन्म झाला. कोणी दिला?"

"आईने."

"मग आई लिहा. लग्न झालं. कोणी केलं?"

"म्हणजे तसं... घरच्यांनी."

"तुम्ही नव्हता तिथे?"

"होतो की."

"मग मी लिहा. मुलगी झाली?"

"झाली."

"स्वतः?"

शेजारी बसलेली, क्लासलाच येणारी एक नर्स खिडकीबाहेर बघू लागली.

"आमच्या भाषेत मुलगी होत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कोणीतरी करतं. कर्ता लिहा. वाक्याच्या तोंडाशी." मग शेवटच्या वाक्यापाशी त्या थांबल्या, त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "हे ठीक. केस जाऊ शकतात."

घरी जाताना त्याला चैन पडेना. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आपलं आयुष्य लाल पेन्सिलीने तपासून घ्यावं आणि त्यात आपल्या नावावर एकही क्रियापद निघू नये, ही काही सुखाची गोष्ट नव्हे. तो रस्त्याने वाक्यं जुळवत चालला होता. बस गेली. नाही, ड्रायव्हरने नेली. उशीर झाला. नाही, मी केला. पाकीट विसरलं... पाकीट कसं विसरेल?

ही भाषा शिकायला तो हौसेने गेला नव्हता. त्याचा कारखाना हॉस्पिटलच्या खाटांची चाकं बनवायचा. चाकाला ब्रेक असतो, ब्रेक दाबला की खाट जागची हलत नाही, अशी कल्पना. माल त्या परक्या देशात जाऊ लागला तसा मालकांना घरचा दुभाषा हवासा झाला. सगळ्या स्टाफला बोलावून त्यांनी विचारलं, "कोणाला शिकायची इच्छा आहे?" तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. तो डिस्पॅचमधून नुकताच आत आला होता, प्रश्न काय होता हे कळावं म्हणून त्याने मान वर केली. "छान," मालक म्हणाले. "जमलं तर परदेश विभाग तुमच्याकडे येईल." कोण आणून देईल, हे विचारायचं तेव्हा त्याला माहीत नव्हतं. तेव्हापासून तो येता-जाता वाक्यं पुटपुटायचा, म्हणून कारखान्यात त्याला राघू म्हणायला लागले.

भाषा यायला वेळ लागतो, पण तिची खोड लगेच लागते. पुढच्याच आठवड्यात सकाळी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, दूध उतू गेलं."

"कोणी घालवलं?"

मग बायको दारात येऊन उभी राहिली.

"काय म्हणालात?"

"नाही, म्हणजे दूध आपणहून तर..."

"गॅसवर मी ठेवलं. लक्ष ठेवा म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही पेपर वाचत होता. आता लिहा काय लिहायचं ते."

"मग दूध मी घालवलं."

"तेच म्हणतेय मी. पण भलेपणाने म्हणत होते. क्लासात हेच शिकवतात का, घरात भांडणं कशी लावायची?"

कॉलेजात जाणाऱ्या लेकीला हा खेळ फार आवडला. ती त्याला कर्ता म्हणू लागली. "आई, कर्ता आले. आई, कर्त्यांना चहा." बायको म्हणाली, "बरं झालं. या घरात कर्ता पुरुष आहे हे मला इतक्या वर्षांनी कळतंय."

तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. टिकवलं नाही, असं त्याने मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि स्वतःवरच वैतागला.

याच सुमारास पलीकडून निरोप आला की खाटा चालू लागल्या आहेत. ब्रेक दाबलेला असूनसुद्धा. एक आजोबा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पडून होते, ते कोणी न ढकलता वॉर्डातून निघाले आणि उतारावरून थेट उपाहारगृहाच्या दारात पोचले. सुदैवाने लागलं नाही. त्यांनी सूप मागितलं, अशी नोंदही निरोपात होती, कारण तो देश तपशिलाचा भोक्ता होता. खाली सरळ प्रश्न होता: ब्रेकची चाचणी न करता माल कसा निघाला? खरेदी बघणाऱ्या मॅडम गुरुवारी व्हिडिओवर बोलणार होत्या.

कारखान्यात चौकशी झाली. म्हणजे मॅनेजरने केली. निष्कर्ष असा निघाला की चाचणी राहून गेली.

चाचणीचा विभाग ताईंकडे होता. या बाईने कारखान्याचं पत्र्याचं छप्पर सिमेंटचं होताना पाहिलं होतं. ब्रेक दाबून ठेवलेलं चाक त्या मशीनवर चढवत, मशीन ओढत राही आणि ताई चष्म्यातून बघत राहत. चाक घसरलं की त्या फक्त "अहं" म्हणायच्या. त्या एका 'अहं'ला फोरमन टरकून असत. तो बुधवारी चाचणीच्या खोलीवरून जात होता तर ताई आपल्या स्टुलावरची उशी पिशवीत भरत होत्या.

"काय राघू," त्या म्हणाल्या.

"ताई, काढलं का तुम्हाला?"

"काढलं कुठे? सध्या माझी गरज भासणार नाही, असं सांगितलं."

"कोणाला?"

"काय कोणाला?"

"कोणाला भासणार नाही?"

ताईंनी पिशवी खाली ठेवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला ताप आहे का?"

"चाचणी कशी राहिली ते सांगा."

"राहिली नाही. महिनाअखेर होती. मालक स्वतः इथे आले. मी म्हटलं, चाक बघितल्याशिवाय सही नाही. त्यांनी त्या बटणावर हात ठेवला, मशीन बंद केलं आणि म्हणाले, ताई, हे बंद पडलंय असं समजा."

"असं समजा?"

"असं समजा. मी समजले नाही, पण माल गेला. सहीच्या जागी मॅनेजरचा शिक्का." त्यांनी उशी आत दाबली. "आता उद्या फोनवर माझं नाव सांगायचं ठरलंय. आपल्या धंद्यात चाकं तपासणारी माणसं असून असून किती? हॉस्पिटलच्या खाटेला माझं नाव चिकटलं की दुसरीकडे कोण उभं करेल? नोकरीची चार वर्षं राहिलीत माझी. ती इथेच काढायची होती."

त्याने कोणी ठरवलं, असं विचारलं नाही. विचारण्यासारखं राहिलं नव्हतं.

दुपारी मालकांनी केबिनमध्ये बोलावून सूचना दिल्या. "उद्या फार फाफटपसारा नको. तपासणी प्रमुखाकडून राहून गेलं. त्यांना कमी केलंय. विषय संपला."

"साहेब, त्या भाषेत राहून गेलं असं म्हणता येत नाही."

"म्हणजे?"

"तसं क्रियापदच नाही."

मालकांना खरंच आश्चर्य वाटलं. "एवढी पुढारलेली माणसं, आणि त्यांचं काही राहून जात नाही?"

"जातं. पण कोणीतरी ठेवलं असं म्हणावं लागतं."

"मग ताईंनी ठेवलं म्हणा."

"ताईंनी नाही ठेवलं, साहेब."

"अहो, भाषेत म्हणतोय मी. खरंखुरं कोण म्हणतंय?" मालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "व्याकरणाची अडचण आहे, व्याकरणातच सोडवायची."

संध्याकाळी क्लास नव्हता, तरी तो मास्तरीणबाईंकडे गेला. त्या मेणकापड पुसत होत्या. कर्त्याशिवाय वाक्य करायची एखादी तरी सोय तुमच्या भाषेत असेल ना, असं त्याने विचारलं.

"एक आहे," त्या म्हणाल्या. "हवेसाठी. गारठलं. उजाडलं. अंधारलं. तिथे कोणी नाही."

"त्यात चाचणी बसेल का? चाचणी थांबली?"

"चाचणी हवा आहे?"

"नाही."

"मग नाही." त्यांनी फडकं पिळलं. "मी नवीन सून. सासू म्हणाली, भांडं फुटलं. मी विचारलं, कोणी फोडलं? मला वाक्य शिकायचं होतं. आठवडाभर घरात कोणी माझ्याशी बोललं नाही."

"मग?"

"मग शिकले. आपोआप फुटलं म्हणायला." त्यांनी फडकं दोरीवर टाकलं. "चांगली भाषा आहे तुमची. सगळ्यांना त्यात लपायला जागा आहे. पण मी मुलांना ती नाही शिकवली. तुम्ही घरी जा. 'तो' आणि 'ती' यांचा सराव करा, तुमचा अजून घोळ होतो."

घोळ होत होता हे खरं. त्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांत ओठ किती उघडायचे एवढाच फरक होता. घरी आल्यावर तो बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत ओठ उघडत-मिटत राहिला. मग चपलांचं कपाट नीट लावलं. मग काडेपेटी आणायला बाहेर पडला आणि काडेपेटी न आणता परत आला.

"काय झालंय?" बायकोने विचारलं.

"झालं नाही. करायचंय."

त्याने सगळं सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली.

"ताईंचं नाव घेतलंत तर?"

"ताई गेल्या."

"आणि खरं सांगितलंत तर?"

"माझी नोकरी जाईल."

"जाईल?" बायको म्हणाली. "स्वतः?"

हे ती विनोदाने म्हणाली असावी, पण हसली नाही. नंतर म्हणाली, "लेकीची फी भरायचीय, ते लक्षात असू द्या. बाकी तुम्ही तुमचं बघा. उद्या माझ्यावर नको यायला, तू सांगितलंस म्हणून." आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

गुरुवारी मीटिंगच्या खोलीत मालक टाय लावून आले होते. टाय जुना होता आणि मान नवी, त्यामुळे ते अधूनमधून हनुवटी वर करत. एका बाजूला मॅनेजर, मध्ये तो, समोर पडदा. पडद्यावर आखूड पांढऱ्या केसांच्या मॅडम आल्या, हातात कॉफीचा मग, मागे भिंतीवर काही नाही. अशा निर्मळ भिंतीचीच त्याला भीती वाटली.

मालकांनी सुरुवात केली. आमच्याकडे दर्जा ही केवळ बाब नसून एक परंपरा आहे, ग्राहक हा कुटुंबाचा भाग आहे, चाक हे प्रगतीचं चिन्ह आहे. हे बराच वेळ चाललं. त्याने भाषांतर केलं: "मालक नमस्कार सांगतात."

मॅडम म्हणाल्या, "नमस्कार. चाचणी कोणी थांबवली?"

"काय म्हणतात?" मालकांनी विचारलं.

"चाचणी कोणी थांबवली?"

"सांगा मग. ठरल्याप्रमाणे."

त्याने तोंड उघडलं. आपल्या भाषेत असतं तर त्याने सुरुवात परिस्थितीपासून केली असती, महिनाअखेरीवरून वळसा घेतला असता, मागणीचा रेटा, माणसांची टंचाई, आणि वाक्य संपेपर्यंत ऐकणारा स्वतःच कंटाळून म्हणाला असता, असो. इथे पहिल्याच शब्दाला माणूस हवा होता. त्याने ओठ 'ती'साठी लावले, आणि बाहेर पडला तो 'तो'.

"तो?" मॅडम म्हणाल्या. "कोण तो?"

अजून वेळ होता. चुकलं, ती म्हणायचं होतं, असं म्हणता आलं असतं. शिकाऊ माणसाची चूक कोणीही पदरात घेतं. त्याने तळवा उघडून शेजारी दाखवला.

"हे," तो म्हणाला. "माझे मालक. तपासणी प्रमुखांनी विरोध केला. यांनी स्वतःच्या हाताने मशीन बंद केलं."

आपली ओळख करून दिली जात आहे असं वाटून मालक खुर्चीतून अर्धवट उठले, हसले आणि त्यांनी मान डोलावली. मॅनेजरनेही डोलावली, कारण मालकांनी डोलावली होती.

मॅडमनी कॉफीचा मग खाली ठेवला. बराच वेळ त्या मालकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मालक हसतच होते.

"त्यांना हे मान्य आहे?"

तो मालकांकडे वळला. "साहेब, त्या विचारतायत, झाल्या प्रकाराची जबाबदारी तुम्ही घेता का?"

"अर्थात," मालक छाती पुढे काढून म्हणाले. "शेवटी कंपनी माझी आहे."

हे वाक्य त्याने शब्दशः भाषांतरित केलं. आयुष्यात इतकं अचूक भाषांतर त्याच्या हातून झालं नव्हतं. त्याने केलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या की त्या कित्येक वर्षं खरेदीत आहेत. प्रत्येक कारखान्यात चूक कुणा कामगाराची असते, नाहीतर हवामानाची. स्वतःचा हात दाखवणारा मालक त्यांनी आजवर पाहिला नव्हता. खराब चाकं बदलून द्या, मागणी चालू राहील. पुढच्या महिन्यात त्या स्वतः येतील, मालकांशी हात मिळवायला, आणि ज्यांनी विरोध केला त्या तपासणी प्रमुखांना भेटायला. पडदा काळा झाला.

"काय म्हणाल्या?"

"मागणी चालू आहे. खूश आहेत. पुढच्या महिन्यात येतायत."

मालकांनी टाय सैल केला. "बघितलंत?" ते मॅनेजरला म्हणाले. "कडक पाऊल उचललेलं दिसलं की समोरचा गार होतो. ताईंचं आता पक्कं करून टाका. उगाच लटकत नको." आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून केबिनकडे गेले.

तो व्हरांड्यात आला. नळावर तोंड धुतलं. डिस्पॅचमध्ये जाऊन एका खोक्यावरची पट्टी उगाच नीट चिकटवली. हे त्याला सुचलंच नव्हतं. पलीकडे खरं सांगितलं की काम संपलं, अशी त्याची समजूत होती. पण ताईंची नोकरी पलीकडे नव्हती, इथे होती, आणि इथल्या भाषेत अजून काहीच बोललं गेलं नव्हतं. मॅनेजरच्या टेबलावर ताईंचं पत्र टाइप करायला सुरुवात झाली होती. काचेतून दिसत होतं. तो परत फिरला.

"या," मालक म्हणाले. मन प्रसन्न होतं.

"साहेब, मघाशी जरा वेगळं सांगितलं गेलं."

"कोणाकडून?"

मालकांच्या तोंडून हा प्रश्न कारखान्यात पहिल्यांदाच ऐकू आला असावा.

"माझ्याकडून. म्हणजे मी. मी सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"मशीन तुम्ही बंद केलं, असं."

मालक खुर्चीत पुढे झुकले.

"माझं नाव घेतलंत?"

"नाव नाही. हात दाखवला."

"आणि मी काय केलं?"

"तुम्ही मान डोलावलीत."

मालक उठले, खिडकीपाशी गेले, पडद्याची दोरी ओढली, सोडली. "आणि ते जबाबदारीचं?"

"तेही तुम्हीच म्हणालात. मी जसंच्या तसं दिलं."

"म्हणजे माझ्या समोर, माझ्या मीटिंगमध्ये, माझ्याच तोंडून..." वाक्य अर्धं राहिलं. मग ते सावकाश म्हणाले, "आणि तरी मागणी चालू?"

"हो."

"ती नक्की काय म्हणाली? आता तरी नीट सांगा."

"म्हणाल्या, स्वतःचा हात दाखवणारा मालक त्यांनी आजवर पाहिला नव्हता."

"असं म्हणाली?"

"याच शब्दांत."

"पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. मालकांनी सैल केलेला टाय वर सरकवला. चेहऱ्यावर राग होता, पण राग आणि समाधान एकाच तोंडावर जागा शोधत असले की जे दिसतं ते दिसत होतं.

"येऊन काय बघणार ती?"

"तुम्हाला. आणि तपासणी प्रमुखांना. विरोध करणाऱ्या त्या, हेही मी सांगितलं."

"बरंच सांगितलंत." ते खुर्चीत बसले. "तिथे आता स्टूलसुद्धा रिकामं आहे. मग ताईंना बोलावून घेतलं पाहिजे."

तो जागचा हलला नाही. मालकांनी थोडी वाट पाहिली, मॅनेजरच्या काचेकडे बघितलं, आणि मग स्वतः फोन उचलला.

"ताई, मी बोलतोय. ते कालचं तसं... हां. हो, मीच. मी म्हटलं होतं. आता मीच म्हणतोय, या." ऐकता ऐकता त्यांनी फोनवर हात ठेवला. "घराचं रंगकाम काढलंय म्हणतात. सोमवारी येतील." पुन्हा ऐकलं. पुन्हा हात ठेवला. "त्यांची सही झाल्याशिवाय चाक फाटकाबाहेर जाणार नाही, असं कबूल करायला सांगतायत." त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू हीही अट त्यानेच भाषांतरित करून आणली आहे. मग दात उपटून घेताना माणूस म्हणतो तसं ते फोनमध्ये म्हणाले, "बरं."

फोन खाली ठेवला. बाहेर मॅनेजरला हाताने खूण केली. टाइप करणं थांबलं.

"आणि तुम्ही," मालक त्याच्याकडे वळून म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला, "हॅलो" म्हणाले आणि मोकळा तळवा त्याच्या दिशेने धरला. त्याचा अर्थ थांबा असा होता किंवा चालते व्हा असा, आणि दोन्ही अर्थांनी हात सारखाच दिसत होता. पलीकडून कोणीतरी लांबलचक बोलत होतं. मालक "हं, हं" करत होते आणि त्याच्याकडे बघत नव्हते. समोर खुर्ची रिकामी होती. बसावं की निघावं हे ठरत नव्हतं. म्हणजे तो ठरवत नव्हता.

मग तो बसला.